कॉव्हेंट्रीला पाठवलेला मास्तर

— ‘पर’ म्हटलं व्हय मी? म्हटलं आसंल. पोरगी चांगली हाय, घर बी चांगलं हाय, पर... आसंच म्हटलं आसंल. आन् तुमचं तोंड लगीच बघा कसं झालं, दुधात माशी दिसल्यागत. बसा पावणं, उठू नका. बेळगावची गाडी आत्ताच गेली, दुसरीला तासभर हाय, आन् या बसच्या निवाऱ्यात तुमी आन् मी दोघंच. मला ठाव हाय की, चौकशीला आलेल्या माणसाला एक ‘पर’ लई पुरतो. स्थळ बघायच्या आधी गावात गुपचूप माणूस धाडायचा, त्यानं निवाऱ्यात बसायचं, पानाचा डबा काढायचा आन् मास्तर दिसला की हळूच विचारायचं — ते सायकलवाल्या भरमूचं घर कसं हाय ओ? त्यांची अंजना कशी हाय? — आन् मास्तर काय सांगतोय त्यापेक्षा तो कुठं थांबतोय ते ऐकायचं. मी बी गेलोय की असल्या कामाला. मेव्हण्यासाठी चिकोडीला गेलतो. तिथला एकजण ‘पोरगी तशी बरी...’ म्हणाला आन् खोकला. मी तेवढ्या खोकल्यावर स्थळ मोडून आलो. मागनं कळलं, तेला दमा हाय.

तवा तो ‘पर’ मी परत घेतो. घेता येत न्हाय म्हणता? न्हायच येत, खरं हाय. मग त्या ‘पर’च्या मागं काय हाय ते सांगाय पायजे, आन् ते सांगायचं तर आधी तुमाला विलायतेतलं एक शहर सांगाय लागतंय. हसू नका ओ. इंग्रजीचा मास्तर हाय मी, सत्याप्पा माझं नाव, हितल्याच हायस्कुलात चोवीस वर्सं झाली. त्या शहराचं नाव कॉव्हेंट्री. ऐकलंय कधी? तुमी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकून म्हणालासा, म्हणून विचारलं; कुठली कुठली नावं येत्यात तुमच्या कागदावर. न्हाय? काय बिघडत न्हाय. मी तरी कुठं बघितलंय? तिथं मोटारी तयार हुत्यात म्हणं, लढाईत बाँब पडलते म्हणं — मी पुण्याच्या पलीकडं गेलेला न्हाय, आन् पुण्यात बी दोन दिवस पोट बिघडून चुलत्याच्या खोलीत पडूनच हुतो. पर आमच्या शाळेच्या कपाटात एक जुनी डिक्शनरी हाय, वाळवीनं निम्मी खाल्लीया, ‘सी’ तेवढा शाबूत हाय. त्यात लिवलंय — टू सेंड समबडी टू कॉव्हेंट्री. माणसाला कॉव्हेंट्रीला पाठवायचं. म्हंजे गाडीत बसवून न्हाय! माणूस हाय त्याच गावात ऱ्हातो, त्याच घरात झोपतो. फक्त तेच्याशी कुणी बोलायचं न्हाय. त्यानं विचारलं तरी ऐकलंच न्हाय असं करायचं. त्या शहराचंच नाव का? कोण म्हणतंय, पूर्वी तिथं लढाईतले कैदी ठेवलते आन् गावची माणसं त्यांच्याशी बोलंनात. नक्की कुणालाच ठाव न्हाय. आन् वाक्यात वापर कसा? ‘ही वॉज सेंट टू कॉव्हेंट्री.’ कर्मणी प्रयोग. मी फळ्यावर लिवायचो आन् सांगायचो, बघा रं पोरांनो, हितं पाठवणारा कोण ते लिवायची गरजच न्हाय, केवढी सोय हाय! किती सोय हाय ते मला नंतर कळलं.

आता भरमू. तुमच्या पोरीचा बाप — म्हंजे तुमची अजून न्हाय, हुईल. तीन वर्सांमागं तेनं सायकलीच्या दुकानावर नवी पाटी लावली. वर कानडी, खाली मराठी. कुणीतरी सरकारी माणूस येऊन सांगून गेलता, आन् गिऱ्हाईक बी दोन्हीकडचं. दिवस कसले हुते ते तुमा निपाणीकरांना मी काय सांगू? कानडी अक्षर दिसलं की आमची डोस्की फिरायची, मराठी दिसलं की त्यांची. देवळात बैठक बसली. तरणी पोरं म्हणाली, दुकान पेटवूया. कोण म्हणालं, तोंडाला काळं फासूया. आन् मी उठलो. पांढरा सदरा, खिशाला पेन. मला वाटलं, काय हा रानटीपणा! म्हटलं, मंडळी, इंग्रज सुधारलेला का? तर तो मारत न्हाय, जाळत न्हाय, तो कॉव्हेंट्रीला पाठवतो! काठी नको, रक्त नको, पोलीस नको. पाऊण तास बोललो. इतिहास सांगितला, वापर सांगितला, वाक्यं करून दाखवली. आन् टाळ्या पडल्या, पावणं. टाळ्या! चोवीस वर्सांत वर्गात मला कुणी एक टाळी दिलेली न्हाय. त्या दिवशी घरला जाताना मी धोतर हातभर वर धरून चालत हुतो, लगीन माझंच असल्यागत.

तुमी म्हणशीला, मास्तर, हे तर वाळीत टाकणंच की. व्हय! तेच की! माझ्या पणज्याच्या आधीपासनं चालत आलंय. पर वाळीत टाकणं म्हटलं की जरा लाज वाटती, जुनाट वाटतंय. विलायती शहराचं नाव दिलं आन् तेच जुनं धडूतं इस्त्री मारून नवं झालं. दुसऱ्या दिवशी मी ही फुशारकी शाळेत मायाप्पा सरांपुढं मारली. मायाप्पा कांबळे, आमचे गणिताचे, बेळगावातनं येत्यात. बौद्ध हैत, माणूस एकदम शांत. डबा खात हुते. सगळं ऐकून घेतलं आन् म्हणाले, ‘सर, ते शहर विलायतेत हाय व्हय? आमची आज्जी तर जन्मभर तिथंच ऱ्हायली, आन् तिनं कधी आगबोट बघितली न्हाय.’ आन् भाकरी मोडून खाल्ली. मी काय केलं आसंल? हसलो. मला विनोद वाटला! इंग्रजीत एम्. ए. झालोय मी, आन् डब्यावर बसलेला माणूस काय सांगतोय ते कळायला मला दोन वर्सं लागली.

भरमूशी दोन म्हयने कुणी बोललं न्हाय. सायकल पंक्चर झाली तर लोक ढकलत कंग्राळीपर्यंत न्यायचे, पर तेच्या दुकानात जायाचे न्हाईत. त्याची आई, गंगव्वा, त्या म्हातारीला वाटलं पोराला खरंच कुठंतरी पाठवत्यात. दशम्या केल्या, चटणी बांधली, गठुडं घेऊन माझ्या दारात आली. ‘मास्तर, ते गाव लई लांब हाय काय ओ? थंडी आसती काय? घोंगडं बांधून देऊ काय तेला?’ आन् मी... मी तिच्याशी बोललो न्हाय. नियम माझाच न्हवं का, तेच्या घरातल्या सगळ्यांना लागू! म्हातारी दारात उभी, आन् मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत ऱ्हायलो, अमावास्या कधी हाय ते शोधतोय असं दाखवत. लई येळ उभी हुती ती. अमावास्या काय सापडली न्हाय मला.

पुढं भरमूनं कानडी अक्षरावर रंग मारला आन् गावानं तेला परत घेतलं. मी तेच्या दुकानात गेलो आन् काय म्हटलं सांगू? ‘वेलकम बॅक!’ इंग्रजीत! तेनं थोबाडीत द्यायला पायजे हुती. तेनं माझ्या सायकलीत हवा भरून दिली, दोन्ही चाकांत, आन् आत गेला.

आता माझी पाळी कशी आली ती ऐका. मला हेडमास्तर व्हायचं हुतं. त्याला कानडीची परीक्षा पायजे. म्हंजे गावात मराठीची भाषणं ठोकायची आन् आतनं कानडीचा अभ्यास करायचा, असा माझा संसार. बेळगावात बसलो आसतो तर कुणीतरी बघितलं आसतं, म्हणून चिकोडीचं केंद्र घेतलं. भर उन्हात डोक्याला मफलर गुंडाळून गेलो. आन् माझ्या पुढच्या बाकावर कोण? आमच्या गावचा पुढारी जोतिबा, तेचा पुतण्या! तो बी मफलरातच! पेपर सुटल्यावर एकामेकाकडं बघितलं. मी मोठ्या मनानं म्हटलं, जा रं, मी कुणाला सांगत न्हाय. आन् न्हाय सांगितलं. तेनं त्याच सांजेला गावभर सांगितलं, आपून मास्तराच्या पाळतीवर गेलतो म्हणून. पाळतीवर गेलता, आन् तीन तास पुरवण्या जोडत बसलता!

आन् एक सांगू? पेपर सोपा गेला मला. माझी आई गोकाककडची. मी रडायला लागलो की ती कानडीतच समजूत काढायची. पास झाल्याचा कागद आला तवा हेडमास्तरकीपेक्षा त्याचाच आनंद झाला मला, की आईच्या बोलीत आपून पास झालो. कुणाला सांगणार? हेडमास्तर? न्हाय ओ, कुठला! ती जागा धारवाडकडनं आलेल्या एका सरांना गेली. चांगलं मराठी बोलत्यात ते.

परत बैठक. तेच देऊळ, तीच सतरंजी. जोतिबा म्हणाला, ‘मास्तर, तुमी आमचे गुरू. तुमच्याच शब्दानं जाऊया. गाव तुमाला कोयंतरीला पाठवतंय.’ आता अशा टायमाला माणूस काय बोलंल? माफी मागंल, न्हायतर भांडंल, न्हायतर तेच्या पुतण्याचं नाव तरी घेईल. मी काय बोललो? म्हटलं, ‘कोयंतरी न्हवं जोतिबा, कॉव्हेंट्री.’ गावानं कान देऊन ऐकलेलं माझं शेवटचं वाक्य ते. त्याला आता धा म्हयने झाले.

तवा तुमी आलासा, बसलासा, ‘तुमी मास्तर काय?’ म्हणून विचारलासा, आन् मी बघा पाण्याची टाकी फुटल्यागत वाहाय लागलोय. शाळेत बोलणं हुतंय, न्हाय असं न्हाय, पर ते धड्यापुरतं. पोरं ‘हजर’ म्हणत्यात. त्या ‘हजर’वर सुद्धा मी लई येळ काढतो, हजेरी सावकाश घेतो. बायको, यशोदाबाई, खानापूरला भावाकडं गेलीया. भांडून न्हवं, बोलायला गेलीया. नळावर तिच्याशी कोण बोलंना. मला म्हणाली, ‘दिवसभर तुमच्याशी एकट्याशी किती बोलू? मधेच व्याकरण काढता तुमी.’ आन् भरमू... तेला माफी मागायची कवाधरनं मनात हाय. तेच्या दुकानापुढं जातो, तोंड उघडतो, तो सायकलीच्या चेनीत डोकं घालतो. बरोबरच हाय की, नियम पाळतोय तो. नियम कुणाचा? माझा. माफी मागायची अक्कल आली तवा ऐकणारा ऱ्हायला न्हाय, असला मी हुशार माणूस.

आन् आता अंजना. इंग्रजीत दोनदा गेली ती एसेस्सेल्सीला, म्हंजे धाव्वीला. बाहेरनं बसत हुती. शिमगा झाला तवापासनं रोज सकाळी दूध घालायला जाताना माझ्या गोठ्यापाशी थांबती, हातात पुस्तक. माझ्याशी बोलत न्हाय हं! नियम मोडत न्हाय ती. माझ्या म्हशीशी बोलती. ‘म्हसाबाई, हॅवच्या पुढं डिड लावू का डन?’ आन् मी कोपऱ्यात शेण काढत म्हशीलाच सांगतो, ‘डन गं, डन. किती डाव सांगायचं?’ येणाऱ्या-जाणाऱ्याला काय दिसतंय? एक पोरगी म्हशीला विचारतीया आन् एक मास्तर म्हशीला सांगतोय. गावाच्या कायद्यात म्हशीशी बोलायला बंदी न्हाय. कायदा मीच केलाय, मला पाठ हाय.

मग हळूहळू म्हशीला अभ्यासाच्या बाहेरचं बी कळाय लागलं. म्हसाबाई, आज्जीचं गुडघं धरल्यात. म्हसाबाई, शहापूरच्या हातमागावर आईनं लुगडं सांगितलंय. म्हसाबाई, जेवलासा काय? आता म्हस तर समोर कडबा चघळत उभी हाय, दिसतंय की तिला! ते मला हुतं, पावणं. मला विचारलेलं हुतं ते. धा म्हयन्यांत, जेवलासा काय म्हणून. मी म्हशीला सांगितलं, व्हय गं, जेवलो. खोटं सांगितलं. नुसता चहा पिलतो.

एप्रिलात परीक्षा दिली तिनं. जूनमधी म्हशीला म्हणाली, ‘परत गेलं इंग्रजी, ऑक्टोबरला बसायचं.’ मी म्हशीवर लई उखडलो. एवढं शिकवलं तुला, शिंगं हैत का डोक्यात! आन् परत पयल्या धड्यापासनं सुरू केलं. मला बरंच वाटलं, खरं सांगायचं तर. ती नापास झाली आन् मला बरं वाटलं. आन् गेल्या सोमवारी मायाप्पा सर सहज म्हणाले, ‘तुमच्या गावची ती सायकलवाल्याची पोरगी सुटली की सर. अठ्ठावन्न पडल्यात इंग्रजीत. माझ्या भाचीबरोबर जूनमधीच बेळगावच्या केंद्रातनं मार्कलिस्ट घेऊन गेली.’ जूनमधी! आता श्रावण संपत आला. अडीच म्हयने ती पोरगी पास झालेलं पुस्तक घेऊन माझ्या म्हशीपुढं चुकतीया. ठरवून चुकतीया! आन् मी शहाणा, ‘डन गं, डन!’ मंगळवारी सकाळी परत आली, परत तेच विचारलं. मी तोंड फिरवून शेण काढत ऱ्हायलो, जिथं शेण न्हवतं तिथलं बी काढलं. तर तिनंच म्हशीला सांगितलं, ‘डन, न्हवं का म्हसाबाई? आज मास्तरांचा घसा बसलाय वाटतं.’ आन् दुधाची किटली घेऊन गेली.

ज्या घराशी मी गावाला बोलू दिलं न्हाय, त्या घरची पोरगी ही. कळलं आता? तवा त्या ‘पर’चं सांगतो. तुमी तिचं नाव घेतलासा तवा माझ्या मनात पयलं काय आलं? पोरगा काय करतो, घरात माणसं कशी हैत, हे? न्हाय. मनात आलं, ही निपाणीला गेली की सकाळी कोण येणार? एवढंच. आन् तोंडातनं ‘पर’ गेला. पुढं काय बोलायची गरजच न्हवती, नुसतं गप बसलो आसतो तरी तुमी पानाचा डबा मिटून गेला आसतासा. मोडलं आसतं स्थळ. कुणी मोडलं ते कुणाला कळलं बी नसतं. चोवीस वर्सं पोरांना वळण लावतोय म्हणून मिरवतो मी, आन् माझ्या म्हशीला सोबत पायजे म्हणून त्या पोरीचं लगीन मोडाय निघालतो. लाज वाटती, पावणं. लई लाज वाटती.

आन् आता बघा काय करून बसलो. पोरीचं घर एकदा वाळीत पडलेलं, ते सांगितलं. पोरगी गावाच्या डोळ्यात धूळ फेकून बोलती, ते सांगितलं. नापास झाले म्हणून अडीच म्हयने खोटं बोलली, ते बी सांगितलं. एक ‘पर’ पुसाय बसलो आन् तीन देऊन ठेवले! तुमी काय तरी बोला की. बरं, नका बोलू, सवय हाय मला. पर एवढं ध्यानात घ्या. घर म्हटलं की माणसं चुकत्यात, रुसत्यात, एकामेकाशी बोलंनाशी हुत्यात. तुमच्यात हुत नसंल तर तुमी नशीबवान. तसं काय झालं तर ही पोरगी जेच्याशी कुणी बोलत न्हाय तेच्याशी बोलंल. भांडणार न्हाय, कुणाला खाली बघाय लावणार न्हाय, वाट काढंल. मला ती जायाला नको हाय, हे तोंडावर सांगतो. आन् तुमी तिला सोडू नका, हे बी तोंडावर सांगतो.

थांबा, थांबा. तो भरमूच येतोय न्हवं का सायकलीवर? निळा सदरा. कुणीतरी सांगितलं आसंल, पावणं निवाऱ्यात बसल्यात म्हणून, न्यायला आलाय. उठा, रस्त्यावर व्हा तुमी. माझ्याशेजारी बसलेलं बघून पोरीच्या बापाला वाटायचं, मास्तरानं स्थळ मोडलं. घरला जावा, चहा घ्या. गंगव्वाला ऐकायला कमी येतंय, जवळ बसून बोला तिच्याशी, जरा जास्तच बोला. भरमूला माझं एक सांगशीला काय, म्हणावं त्या येळचं... न्हाय, नको. ते तुमच्या तोंडनं नको. ते माझं मीच बघतो.

आन् वाटेत तो तुमाला विचारणारच, मास्तर काय म्हणाला, आमच्या घराबद्दल काय म्हणाला. लई चांगलं म्हणाला असं सांगू नका, तेला खरं वाटायचं न्हाय. म्हणा, शेजारी बसून हुता, एक शब्द बोलला न्हाय. ते तेला पटंल, माझं गप बसणं तेच्या घरानं बघितलंय. जावा, जावा की, बघितलं तेनं.